बिनविरोध जिल्हाविजेते

आमचे प्रमोद तांबे सर सत्तावीस वेळा मुलींच्या शालेय हॉकीचे जिल्हाविजेते झाले, आणि त्यासाठी ते एकही सामना खेळले नाहीत. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी सरांची चेष्टा करते आहे. थोडी करतेच, पण गोष्ट खरी आहे. जिल्ह्यातून हॉकीला मुलींचा एकच संघ नाव द्यायचा, तो आमचा. समोर दुसरा संघच नाही म्हटल्यावर पंच शिट्टी वाजवणार कोणासाठी? आम्ही गणवेश घालून मैदानावर जायचो, स्टिक धरून रांगेत उभ्या राहायचो, एक फोटो निघायचा आणि आम्ही जिल्हाविजेत्या होऊन वडापाव खाऊन घरी यायचो. कोविडची दोन वर्षं सोडली तर यात खंड नाही.

सर नोकरीला लागले तेव्हा शाळा कबड्डी आणि खोखो खेळायची आणि तालुक्यातच आपटी खाऊन परत यायची. आमच्याकडे कबड्डी वाडीवाडीत. त्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, आमच्या लहानशा शाळेचा निभाव कुठून लागणार? मग एके दिवशी सरांना शाळेच्या कपाटात, लेझमांच्या ढिगाखाली हॉकीच्या स्टिक सापडल्या. कुणा मुंबईकर माजी विद्यार्थ्याने हौसेने दिलेल्या आणि कुणीही हात न लावलेल्या. सरांनी चौकशी केली तेव्हा कळलं की जिल्ह्यात मुलींची हॉकी कुणी खेळतच नाही. म्हणजे नाव दिलं की जिल्हा जिंकला आणि जिल्हा जिंकला की थेट कोल्हापूर, विभागीय स्पर्धेला. सरांनी स्वतः आयुष्यात कधी हॉकी खेळली नव्हती. त्यांनी एक पुस्तक आणलं, आठवडाभर वाचलं आणि नाव देऊन टाकलं. मी याला पुढे मोठेपणी लबाडी म्हणाले, तेव्हा सर म्हणाले, "लबाडी नाय गो. वाट."

आणि वाट होतीच ती. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट कधी पाहिला नव्हता. मुंबई ठाऊक होती. घरटी एक माणूस तिथे आहे. पण मुंबईला आमच्याकडचं माणूस कामाला जातं, नाहीतर लग्न होऊन जातं. कोल्हापूरला आम्ही नुसत्या जायला जायचो. एसटीत खिडकीसाठी भांडायचो, घाटात दोघी-तिघी ओकायच्या, मग राजवाडा, रंकाळा, आणि कुणाच्या तरी शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर ओळीने झोपणं. आठवीतल्या मुलीला सर हॉकीबद्दल काही सांगत नसत. एवढंच सांगत, "खेळलीस तर कोल्हापूर."

मुली लगेच तयार व्हायच्या. घरचे तयार होत नसत, आणि सरांची खरी कारकीर्द मैदानापेक्षा लोकांच्या ओट्यांवर गेली असं मला वाटतं. आमची वाडी खाली खाडीला, मच्छीमारांची. सर वरच्या बौद्धवाडीतले. माझी आजी सरांना ओटीवर बसवायची, आत बोलवायची नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र ओटीवरूनच एवढ्या मोठ्याने बोलायचे की घरात कुणाला ऐकू आलं नाही असं व्हायचं नाही. माझी आई गुणवंती बाजारात मासे विकायची. तिने बाहेर येऊन विचारलं, "त्या काठीनं पोरीला काय मिळनार हाय?" सर म्हणाले, "कोल्हापूर." आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मी पन नाय बगितलं. जा गो."

अशी आमची हॉकी. आता मैदान. शाळेचं मैदान म्हणजे निव्वळ कातळ, वर लाल मातीचा पापुद्रा. त्यावर चेंडू कधी कुठे उसळेल ते चेंडूलाही माहीत नसायचं. एका अंगाला पावसाळ्यात खळाळणारा व्हाळ, म्हणजे ओढा, दुसऱ्या अंगाला काजीची झाडं. एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला खाली उतरणारी पायऱ्यांची पाखाडी. सर डावीकडे-उजवीकडे असं कधी ओरडत नसत. ते म्हणायचे, डावं-उजवं म्हटलं की पोरी आधी जेवायचा हात आठवतात, तोवर चेंडू जातो. म्हणून सर ओरडायचे, "व्हाळाकडं! काजीकडं!" सर ओरडायचा अवकाश, आम्ही डोकं न चालवता त्या बाजूला चेंडू द्यायचो. पाय आपोआप वळायचे. आजही कुणी मला 'उजवीकडे वळा' म्हटलं तर मी मनात आधी तो व्हाळ शोधते.

कोल्हापूरला आम्ही हरायचो. दरवर्षी, पहिल्याच सामन्यात आणि दणकून. पहिल्या डावात तीन-चार गोल बसायचे, तेवढे बसणारच, समोरच्या मुली लहानपणापासून सामने खेळलेल्या. पण दुसऱ्या डावात आमचं पार पानिपत व्हायचं. एकीने चेंडू इकडे द्यावा तर दुसरी तिकडे धावत असायची. बघणारे हसायचे. सरांनी यावर एक निदान केलं होतं, दम कमी पडतो. परत आल्यावर ते आम्हाला कातळावरून अनवाणी पळवायचे. माझ्या वेळी जेवढ्या फेऱ्या होत्या त्याच्या दुप्पट पुढच्या मुलींच्या वेळी झाल्या. पोरींचे पाय दगडासारखे झाले, श्वास पाणबुड्यांसारखे झाले, आणि दुसऱ्या डावात पानिपत व्हायचं ते होतच राहिलं.

मी पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. त्यातही सरांचाच हात होता, पण ते सांगत बसले तर गोष्ट लांबेल. तीन वर्षांपूर्वी मला मालगुंडच्या बाजूला एका हायस्कुलात नोकरी लागली. शाळेला मैदान नाही, समुद्र आहे. ओहोटीला पाणी मागे गेलं की वाळू अशी घट्ट आणि सपाट होते की आमच्या कातळापुढे ते मखमलच. मला हॉकीशिवाय दुसरं काही धड शिकवता येत नाही. मी मुली गोळा केल्या, आणि सरांसारखंच 'दर्याकडं, माडाकडं' ओरडायला लागले. आणि हो, मुलींना कोल्हापूरही सांगितलं. ते मी सरांकडून इतकं सहज उचललं होतं की कोल्हापूरला जिल्ह्यातून एकच संघ जातो, ही गोष्ट मला मुलींना सांगून झाल्यावर आठवली.

या पावसाळ्यात आम्ही शेजारच्या गावच्या मैदानावर सरावाला गेलो. तिथे समुद्र नव्हता. मी सांगितलं, समजा उजवीकडे दर्या. खेळ छान चालला. मग मी बाजू बदलायला लावल्या, आणि माझी गोलकीपर, संस्कृती, तिथूनच ओरडली, "मॅडम, आता दर्या कुठं?" मला हसू आलं, आणि पुढच्याच क्षणी हसू थांबलं. निम्म्या मुलींच्या मते दर्या होता तिथेच होता, म्हणजे आता त्यांच्या डाव्या हाताला. निम्म्यांच्या मते दर्या त्यांच्याबरोबर फिरला होता. दोन्ही बाजूंचं बरोबर होतं. मी मधोमध उभी होते आणि मला कोल्हापूरचं मैदान दिसत होतं, आमचे सगळे दुसरे डाव दिसत होते. तिथेही सर पहिल्या डावाआधी 'इकडं व्हाळ समजा' म्हणायचे, बाजू बदलल्यावर मात्र कधीच नाही. दम वगैरे काही कमी पडला नव्हता. आमचा व्हाळ हरवला होता.

त्यानंतर मी नियमच केला. बाजू बदलल्या की खेळायच्या आधी सगळ्यांनी स्टिकने दर्या दाखवायचा. फिरलो तरी दर्या उजव्या हातालाच. सगळ्यांच्या स्टिक एकीकडे आल्या की मगच पुढे.

हे सरांना सांगणार होते. खरंच. त्या आठवड्यात नाव नोंदवायचं होतं म्हणून आधी फोन केला, म्हटलं सर, यंदा आमच्या शाळेचीपण एन्ट्री आहे. मला वाटलं सर खूश होतील. इतकी वर्षं समोर कुणी नव्हतं, आता त्यांचीच विद्यार्थिनी संघ घेऊन येते आहे. सर म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "मंग कोल्हापूरला कोन जानार?"

दोन दिवसांनी ते स्वतःच आले, आरे-वारेच्या रस्त्याने, स्कूटरवर. त्यांच्या बायकोने, प्रभावतीकाकूंनी, माझ्यासाठी डब्यातून सांदणं पाठवली होती. आम्ही सुरूच्या झाडांपाशी बसलो. माझ्या मुली खाली वाळूवर खेळत होत्या. सर त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बऱ्या खेळतात." आणि लगेच पुढे, "मनिषा, यंदाचं वर्ष थांब."

मला आधी कळलंच नाही.

"माझं शेवटचं वर्ष हाय. मार्चात मी रिटायर. पोरींना मी कोल्हापूर सांगितलंय. त्यांच्या घरी जाऊन सांगितलंय. ती रसिका हाय ना, आमची कॅप्टन, तिच्या बापाला मुंबईसनं बोलावून घेऊन कबूल केलाय. पुढल्या वर्षी सगळं तुझंच. मी सोता येईन तुझ्या पोरींना बगायला."

"सर, मीपण सांगितलंय माझ्या मुलींना."

"तुझ्यापाशी वर्षं हायत."

"माझ्यापाशी आहेत. मुलींपाशी नाहीत. अक्षया दहावीला आहे."

सरांनी डबा माझ्यापुढे सरकवला. मला भयंकर राग आला होता. ज्या माणसाने मला स्टिक हातात दिली तोच ती खाली ठेव म्हणत होता, तेही सांदणांचा डबा पुढे करून. मी म्हटलं, "सर, तुम्हाला हरायची भीती वाटते."

"वाटते तर," सर म्हणाले. "मला हरायचं ठाऊक हाय. पन कोल्हापूरला जाऊन. हितं हरलो तर पोरी घरी."

ते उठले आणि गेले. डबा राहिला. मी सांदणं मुलींना वाटली, स्वतः एकही खाल्लं नाही, आणि व्हाळाचं म्हणाल तर ते मी सांगितलं नाही. कशाला सांगू? विरोधी संघाच्या कोचला कोण सांगतं?

सामना मिरजोळ्याच्या क्रीडा संकुलात ठेवला होता. भात कापणीला आलं होतं, ऊन चांगलंच तापत होतं. जिल्ह्यात मुलींच्या हॉकीचा सामना होणार म्हणून पंच बाहेरून बोलवावे लागले. सर पांढऱ्या टोपीत, गळ्यात शिट्टी. मी पाया पडायला गेले तर "असू दे, असू दे" म्हणत मागे सरले. त्यांच्या मुली वाहनातून उतरल्या तेव्हाच दोघींच्या खांद्याला नव्या बॅगा दिसल्या. सामन्याला कुणी नव्या बॅगा आणत नाही. कोल्हापूरसाठी घेतलेल्या, आणि धीर न निघाल्यामुळे आजच काढलेल्या. मग मी माझ्या मुलींकडे पाहिलं, तर संस्कृतीच्या पायात नवेकोरे बूट, चावतील म्हणून आत कापूस कोंबलेले. दोन्ही बाजूंना असं असताना देवाने तरी काय करावं.

पहिला डाव आमचा झाला. सरांच्या मुली दमाच्या होत्या, पण चेंडू सपाट मैदानावर सरळ येतो याचीच त्यांना सवय नव्हती. त्या प्रत्येक वेळी तो उसळेल म्हणून स्टिक किंचित वर धरायच्या आणि तो खालून निघून जायचा. तसाच एक निघाला आणि अक्षयाने गोल केला. सर बाजूच्या रेषेवरून घसा फोडत होते, "व्हाळाकडं! गो व्हाळाकडं!" पंचांनी एकदा वळून पाहिलं, मैदानात ओढा आहे की काय म्हणून.

मध्यंतर झालं. बाजू बदलल्या. पाणी पिऊन झाल्यावर मी सवयीप्रमाणे विचारलं, "दर्या कुठं?" आणि माझ्या सगळ्या मुलींनी स्टिक उचलून एकाच दिशेला धरल्या. बघायला आलेले लोक हसले. मिरजोळ्यात समुद्र नाही, आणि या दर्या दाखवतायत म्हणून.

सर हसले नाहीत. ते पलीकडच्या बाजूला हातात पाण्याची बाटली घेऊन उभे होते, ती तशीच राहिली. त्यांनी आमच्या मुलींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मैदानाच्या दोन्ही टोकांकडे. मला दिसत होतं, त्यांच्या डोक्यात मैदान फिरत होतं. मग त्यांनी आपल्या मुलींकडे वळून विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण ओठांवरून मला कळलं.

"व्हाळ कुठं?"

मुलींना वाटलं आम्हाला बघून सरांनापण तसंच करायचं आहे. त्यांनी उत्साहाने स्टिक उचलल्या. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. रसिका एका बाजूला, तिची बचावातली जोडीदार नेमकी उलट. मुली एकमेकींकडे बघून आधी खिदळल्या, मग गप्प झाल्या.

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, हरलेलं तर दरवर्षी पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला. ते त्या स्टिकांकडे बघत होते, पण आजच्या मुली काही त्यांना दिसत नव्हत्या. त्यांना आम्ही दिसत असणार, सगळ्या, कातळावर अनवाणी पळणाऱ्या. मला त्या क्षणी त्यांचा राग राहिला नाही, एवढं मात्र खरं. कुणीतरी जाऊन त्यांचा हात धरावा असं वाटलं. पण मी विरोधी संघाची होते, आणि पंचांनी शिट्टी वाजवली होती.

सरांनी टोपी घातली आणि हात लांब करून पंचांच्या टेबलाकडे दाखवलं. "व्हाळ तिकडं," ते म्हणाले. "ते टेबल म्हंजे व्हाळ. पूर येवो नायतर काय येवो, तो तिथनं हलत नाय. कळलं?"

दुसऱ्या डावात त्या मुली वेगळ्याच होत्या. म्हणजे त्याच होत्या, पण पहिल्यांदाच सगळ्या एका मैदानावर होत्या. आणि दम तर त्यांना होताच. इतक्या वर्षांच्या फुकटच्या फेऱ्यांचा दम त्या दिवशी कामाला आला. माझ्या मुली वाळूवरच्या, वेगाच्या, पण शेवटी शेवटी त्यांच्या कमरेवर हात जायला लागले आणि सरांच्या मुली नुसत्या पळत राहिल्या. रसिकाने बरोबरी केली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. सामना संपत आला आणि त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, एकीने अडवला, दुसरीने मारला, तो संस्कृतीच्या नव्या बुटाला लागून वर उडाला आणि तिच्याच खांद्यावरून गोलात पडला.

दोन-एक. शिट्टी.

सरांच्या मुली वेड्यासारख्या उड्या मारत सरांकडे पळत गेल्या आणि त्यांच्यापाशी पोहोचून थबकल्या, कारण सर नुसते उभे होते. रसिका म्हणाली, "सर, जिकलो आमी. कायतरी बोला ना." सरांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "स्टिका मोजून घ्या." बिचाऱ्यांना येतच नव्हतं. सामना जिंकल्यावर कोच काय बोलतो, हे त्यांना कुठून माहीत असणार?

आणि मला हरल्यावर काय बोलतात ते येत नव्हतं. माझ्या मुली मैदानात जिथे होत्या तिथेच उभ्या होत्या. संस्कृती गोलात पाठमोरी, जाळीला कपाळ टेकवून. मी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हटलं, छान खेळलात, हार-जीत चालायचीच. कुणी माझ्याकडे बघेना. मग मी म्हटलं, पुढच्या वर्षी आपण नक्की. तेव्हा अक्षया हळूच म्हणाली, "मी पुढच्या वर्षी नाय मॅडम." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि तिच्यामागे सगळ्या. मी हात चोळत उभी राहिले. एका मुलीच्या खांद्यावर हात ठेवला तर तिने तो झटकला नाही, पण तो तिथे नसल्यासारखी ती रडत राहिली. मला पळून जावंसं वाटत होतं.

तेव्हा सर मैदान ओलांडून आले. त्यांच्या मुली मागे राहिल्या होत्या, एकट्याच नाचत. ते सरळ माझ्या मुलींच्या मधोमध येऊन थांबले, मग गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, खाली बसले. मातीत मांडी घालून.

"बसा," ते म्हणाले. "रडा, पन बसून रडा. उभ्यानं रडलं की पाय धरतात."

मुली बसल्या. एकेक करत सगळ्या. संस्कृतीसुद्धा जाळी सोडून आली. सरांनी कुणाला गप्प केलं नाही, कुणाचे डोळे पुसले नाहीत. त्यांच्या खिशातून आवळ्याच्या वाळवलेल्या फोडींची पुडी निघाली, ती त्यांनी न बोलता शेजारणीच्या हातात दिली आणि ती हातोहात फिरली. कोल्हापूरला आमच्या मधोमधही ते असेच बसायचे, आणि तेव्हा आम्हाला वाटायचं की सरांना बोलायला काही सुचत नाही.

बऱ्याच वेळाने ते संस्कृतीला म्हणाले, "तो शेवटचा कसा गेला गो?"

तिने हुंदके देत सांगितलं. कुठून आला, बूट कसा लागला.

"बूट काड." तिने काढले. आत टाचेला फोड आले होते. सरांनी ते पाहिले आणि म्हणाले, "ह्या पायांनी तू पुरा डाव उबी रायलीस?" ती मान हलवून हो म्हणाली. "मी सत्तावीस वर्षं हरनारे गोलकीपर बगितले. तुझ्यासारके दोन-तीन असतील." खोटं वाटेल असं काहीच त्यात नव्हतं. तिने नाक पुसलं आणि आवळा तोंडात टाकला.

मग अक्षयाने विचारलं, "सर, आमी आता कोल्हापूरला नाय ना जानार?"

मी असते तर काहीतरी बोलले असते, बघू म्हणाले असते, सहल काढू म्हणाले असते.

"नाय," सर म्हणाले. "कोल्हापूर गेलं. ते मी खोटं सांगनार नाय."

ती रडली, पण या वेळी वेगळं रडली. ऐकून घेऊन रडली. सर तिच्याकडे बघत राहिले, मान न वळवता. आणि मग त्यांचेच डोळे भरून आले. ते मला म्हणाले, "मनिषा, मला ह्ये ठाऊकच नव्हतं गो. आमी तिकडं गेलो तं हितं कुनीतरी मागं रायतं, ह्ये मी कदी बगितलंच नव्हतं. मी नुस्तं 'कोल्हापूर' म्हनत गेलो."

"सर, मीपण तेच म्हटलं त्यांना," मी म्हणाले. मी अजून उभीच होते. हातात शिट्टी, मानेला ताठा, माझ्या संघाची कोच. माझा आवाज फाटला. "मी त्यांना कबूल केलं होतं सर."

सरांनी शेजारच्या मातीवर दोनदा हात थोपटला.

"बस," ते म्हणाले. "तू पन बस."

मी बसले, आणि माझ्या मुलींच्या देखत, त्यांच्यातलीच एक होऊन, पोटभर रडले.